उनी गुसने निवडलेली गन

पादांग बंदराहून घाट चढून आलेल्या गाड्या सिलाइंगच्या वळणावर पहिला दम टाकतात. त्या वळणाच्या एका अंगाला माझी चहाची टपरी आणि समोर बख्तियार मामांचं गॅरेज. मामा खरे त्यांच्याच गॅरेजात काम करणाऱ्या गुसनिमारचे, तिच्या आईचे सख्खे भाऊ. पण आमच्याकडे एका घरचा मामा तो सगळ्या वाडीचा मामा असतो, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. गुसनिमारला मात्र सगळा रस्ता ‘उनी गुस’ म्हणतो. उनी म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले ट्रकवाले तिला उनी म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

गॅरेजची जागा तिच्या आईच्या घराण्याची, आणि आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे आज ना उद्या ती तिच्याकडेच यायची होती. पण जागा मिळणं वेगळं आणि गाडीखाली शिरणं वेगळं. आईनं तिला एकोणिसाव्या वर्षी शिवणाच्या वर्गाला घातलं होतं. तिथलं मशीन बंद पडलं, तर हिनं ते खोलून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडलं, आणि बाईंनी खूश होऊन वर्गातली उरलेली सहा मशीनंही तिच्याचकडून खोलून घेतली. झंपर मात्र तिला शेवटपर्यंत शिवता आला नाही. महिन्याभरात ती मामांकडे आली. उंची चार फूट दहा इंच, अंगानं काटकुळी. जॅक न लावता मिनीबसखाली सरपटत जाणारी ती एकटीच. मामा म्हणायचे, “देवानं हिला गाडीच्या मापानं बनवलीय.”

जोर कमी पडायचा तिथं ती पान्याला लांब पाइप लावायची आणि पाइपवर उभी राहायची. अशी सत्तावीस वर्षं गेली. नवरा शाहरियाल रियाउच्या बाजूला ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा, आणि आला की आधी त्याचा ट्रक तपासला जायचा, मग त्याला जेवण मिळायचं.

शेहेचाळिसाव्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. हात खांद्याच्या वर नेला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाठीवर झोपून, हात वर करून पाने ओढायचे बंद. गाडीखालचं काम म्हणजे दुसरं काय असतं?

ही बातमी टपरीवर पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. वळणाच्या वरच्या बाजूला अमरिझालचं टायरचं आणि सुट्या भागांचं मोठं दुकान आहे. अमरिझाल माणूस वाईट नाही, पण त्याच्या जिभेला हाड नाही. सकाळी चहाला उनी गुस आली, तसं त्यानं सुरू केलं.

“उनी, आता भाताचं दुकान टाक. हात वर करावा लागत नाही, नुसती पळी खाली घालायची.”

“तुझ्यासारखं गिऱ्हाईक आलं तर पळी उचलावीच लागेल,” ती म्हणाली.

टपरी हसली. अमरिझालही हसला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, “अगं, मस्करी राहू दे. तू पाने ओढतेसच कशाला? माझ्यासारखी बॅटरीची इम्पॅक्ट गन घे, ठोके देऊन बोल्ट फिरवते. खोक्यावर जोराचा आकडा हजार लिहिलाय, हजार. ट्रकचं चाक पाच मिनिटांत मोकळं होतं. आज घेऊन जा, वापरून बघ.”

ती घेऊन गेली. गन म्हणजे एक धूडच होतं, दोन्ही हातांनी धरावं लागे. एका पिकअपच्या इंजिनाखालचा पत्रा काढायचा होता. तिनं गन लावली, बोटानं दाबलं, ‘टर्र’ असा आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं तुटून तिच्या छातीवर पडलं. अर्धा बोल्ट आत तसाच. तो ड्रिलनं पोखरून काढण्यात तिची दुपार गेली, आणि वर खांदा असा ठणकला की तिनं गन डाव्या हातानं परत नेऊन दिली.

मामा बाकावर बसून सगळं बघत होते. “लोखंडाला घाई चालत नाही, गुस,” ते म्हणाले. “ही यंत्रं चाकवाल्यांची. आपल्या कामाला हात तो हातच.”

“हातच राहिला नाही मामा, म्हणून तर शोधतेय.”

मामांनी सिगारेट पेटवली, याचा अर्थ विषय संपला.

तिच्या लेखी तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी मला दिसलं, गॅरेजच्या खांबाला तिनं एका खोक्याचा पुठ्ठा टांगलाय आणि त्यावर कोळशानं रेघा मारतेय. दिवसभर काम करता करता बाहेर यायची, एक रेघ मारायची, पुन्हा आत. आठवडा झाला तरी हे चालूच. शेवटी न राहवून मी विचारलं.

“मी कुठल्या मापाचे किती बोल्ट काढते ते लिहितेय, नसरूलदा,” ती म्हणाली. “तुम्ही टपरी टाकलीत तेव्हा आधी काय पाहिलंत? किती लोक चहा पितात ते, का बाजारात सगळ्यात मोठं पातेलं कोणतं ते?”

खरं सांगायचं तर मी काहीच पाहिलं नव्हतं, पण तसं म्हणालो नाही.

तीन आठवड्यांनी पुठ्ठा भरला. सहाशेच्या वर बोल्ट. त्यातले पाचशेहून जास्त दहा, बारा आणि चौदा नंबरच्या पान्याचे. राहिलेल्यांत बरेचसे चौफुलीचे स्क्रू, ब्रेकच्या तबकडीवरचे, चाकामागच्या चिखल अडवणाऱ्या पत्र्यावरचे. चाकांचे मोठे नट फक्त साठ, आणि चाकं खोलायला लोक तसेही अमरिझालकडेच जायचे. पुठ्ठ्याच्या कडेनं तिनं आणखी एक खूण केली होती: जिथं पंजा जेमतेम शिरतो अशा जागा. त्या निम्म्याच्या वर होत्या.

“म्हणजे मला पैलवान नको,” ती म्हणाली. “मला बारीक चणीचा, शांत डोक्याचा कोणीतरी पाहिजे.”

पुढच्या बुधवारी आम्ही पादांगला उतरलो. मला टपरीसाठी ग्लास घ्यायचे होते, म्हणून मीही बसमध्ये चढलो. पोंडोक भागात को हान यांचं हत्यारांचं दुकान आहे. को हान सत्तरीचे, मागच्या बाजूला पंख्याखाली बसून वर्तमानपत्र वाचत होते. पुढे त्यांचा विक्रेता, कडक इस्त्रीच्या शर्टातला. उनी गुसनं काउंटरवर पिशवी ठेवली आणि तिच्यातून जाडजूड लोखंडाचा तुकडा काढला. जुन्या ट्रकच्या सांगाड्याचा तुकडा, त्यात सहा बोल्ट, सगळे गंजून लाल झालेले.

“हे काय बाई?” विक्रेता एक पाऊल मागे सरला.

“परीक्षा आहे,” ती म्हणाली. “तुमच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरांची, या बॅटरीच्या गनींची. दाखवा.”

त्यानं आधी मोठीच काढली, अमरिझालच्या गनीची सख्खी बहीण. उनी गुसनं ती बोल्टाला लावली नाहीच. दुकानाच्या मधोमध उभी राहिली, गन डोक्याच्या वर धरली आणि मला म्हणाली, “नसरूलदा, मोजा.”

मी मोजायला लागलो. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. चौतिसाला तिचा हात खाली आला.

“ही नको. मी उभी राहून काम करत नाही, झोपून करते.”

दुसरी पिवळीधमक, हलकी. शंभर मोजून झाले तरी हात वरच होता. विक्रेत्याला वाटलं काम झालं. मग तिनं ती बोल्टाला लावली. बोट टेकवताच गन सुसाट सुटली. हळू चालणं तिला माहीतच नव्हतं. बोल्टाच्या कडा जराशा घासल्या गेल्या आणि दुसऱ्या बोल्टाला तर जळका वास आला. उनी गुसनं तिला हळूच खाली ठेवलं, आजाऱ्याला ठेवावं तसं.

तिसरी करड्या रंगाची होती. दिसायला काहीच नाही. तोंड आखूड, बॅटरी मुठीच्या खाली बसवलेली, त्यामुळे तोल नेमका मनगटावर येत होता. शंभर मोजले, वर आणखी वीस मोजले. मग तिनं बोट अगदी हलकं दाबलं. गन सावकाश फिरली. जरा जोर दिला तशी आतून टक-टक ठोके सुरू झाले. पहिला बोल्ट आला, दुसरा आला. चौथा हटून बसला. तिनं दाब वाढवला नाही. थोडे ठोके दिले, थांबली, पुन्हा थोडे दिले. पाचव्या खेपेला बोल्ट सुटला, सबंध, कडा शाबूत. सहाही बोल्ट काउंटरवर एका ओळीत मांडले तेव्हा विक्रेत्यानं शेवटचा प्रयत्न केला.

“पण बाई, हिच्यावर एकशेऐंशीच लिहिलंय. त्या मोठीवर हजार आहे.”

“मला बोल्ट काढायचेत,” ती म्हणाली. “तोडायचे नाहीत.”

मागून वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. को हान उठून पुढे आले, तुकडा हातात घेऊन पाहिला, बोल्ट पाहिले. “चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं,” ते म्हणाले. “उनी, एक ऐका. बोल्टाच्या डोक्यावर बसवायच्या घरच्या चकचकीत गोट्या हिला लावू नका. ठोक्यानं फुटतात, डोळ्यात जातात. या काळ्या घ्या, मार खायला बनवलेल्या. आणि ही लांब दांडी घ्या, वीतभर आत शिरेल. बॅटऱ्या दोन. एक गनीत, एक चार्जिंगला.”

तिनं सगळं घेतलं. को हान म्हणाले, “आणि हा तुकडा इथंच ठेवून जा. पुढच्याला यावरच दाखवतो.”

“बोल्ट तर निघाले सगळे.”

“पुन्हा घट्ट बसवून दारात ठेवतो. पादांगची खारी हवा आहे, दोन महिन्यांत आणखी चांगले गंजतील.”

येताना बसमध्ये तिनं खोकं मांडीवर धरलं होतं. मी ग्लासांचं खोकं पायाशी ठेवलं होतं, त्यातले तीन फुटले.

गावात स्वागत झालं ते असं. अमरिझालनं गन हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, “घड्याळं दुरुस्त करणार का आता?” तेव्हापासून टपरीवर त्या गनीचं नाव ‘खेळणं’ पडलं. मामांनी तर तिला हातही लावला नाही. उनी गुस पाठीवर झोपून, गन पोटावर ठेवून गाडीखाली शिरायची आणि टक-टक असा आवाज यायचा. पाइपवर उभं राहणं बंद झालं. महिन्याभरात मला जाणवलं, ती चहाचा ग्लास पुन्हा उजव्या हातानं घ्यायला लागलीय.

मग रमजान आला, आणि त्याचा शेवटचा दिवस. दूरदेशी गेलेली आमची सगळी माणसं ईदला घरी परततात, तेव्हा तो रस्ता म्हणजे गाड्यांची मुंग्यांसारखी रांग असते. टपरी दिवसभर बंद, पण बाकावर माणसं होतीच. रोज्यात चहा चालत नाही, टोमणे चालतात.

दुपारी दीडच्या सुमारास एक मिनीबस धुरात न्हालेली, ढकलत ढकलत वर आली. समुद्रापलीकडच्या बेकासीहून निघालेली, आत चौदा माणसं, पायाकुंबुहच्या पलीकडे जायचं होतं. घाट चढताना क्लच जळला होता. ड्रायव्हर युलहेन्द्री आधी अमरिझालकडे गेला, कारण पाटी त्याचीच मोठी. अमरिझालनं खरंच प्रयत्न केला. पण क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स आणि गाडीच्या तळाचा पत्रा यांच्या मध्ये त्याची गन शिरेचना. जिथं शिरली तिथं एका स्क्रूचं डोकं तिनं घासून गुळगुळीत केलं. तासाभरानं तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, “ईदच्या तिसऱ्या दिवशी या.”

गाडीतून एक म्हातारी उतरली. ऐंशीची तरी असेल. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. तिची नात सांगत होती, गावी धाकटी बहीण आहे, अकरा वर्षांनी भेट आहे, उद्याचा नमाज दोघींनी शेजारी बसून पढायचं ठरलंय.

उनी गुस रस्ता ओलांडून गेली, गाडीखाली वाकून पाहून आली. “इकडे ढकला,” ती म्हणाली.

मामांनी आभाळाकडे पाहिलं. “हातानं सहा तासांचं काम आहे, गुस. मगरीबच्या आत, दिवस मावळायच्या आत होत नाही. आणि तुझ्या पोटात पहाटेपासून पाणी नाही.”

“तीन तास द्या मामा.”

“खांदा?”

“खांद्याला आता नुसतं धरायचं काम आहे. बाकीचं ही करते.”

पावणेतीनला ती खाली शिरली. मी बाकावरून पाहत होतो. आधी खालचा पत्रा, अकरा स्क्रू. टक-टक, टक-टक, एकेक स्क्रू मामांनी पुढे केलेल्या डब्यात पडत होता. अमरिझालनं गुळगुळीत केलेला स्क्रूही त्यातच होता. तिनं चौफुलीचं टोक त्याच्यात हातोडीनं ठोकून बसवलं, तळहातानं गन घट्ट रेटली आणि अगदी सावकाश ठोके दिले. तोही आला. अमरिझाल तेव्हा पलीकडे उभा होता. ती त्याच्याकडे पाहून हसली असती तरी आम्हाला चाललं असतं, पण तिनं पाहिलंच नाही.

मग मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे चार बोल्ट. मग स्टार्टर. मग गिअरबॉक्सच्या गळ्याभोवतीचे नऊ. त्यातले सात भराभर निघाले. वरचे दोन अशा जागी, की हात जातो पण गनीचं तोंड जात नाही. तिनं गनीला लांब दांडी लावली, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपून गोटी बसवली. एक निघाला. दुसरा हलेना.

एव्हाना प्रवासी, शेजारी, वाट चुकलेली दोन पोरंढोरं, सगळे गाडीभोवती होते. कोणीतरी म्हणालं, “दाब की जोरात.” खालून तिचा आवाज आला, “तुटला तर तुम्ही काढणार का?”

तिनं गंजावर तेल सोडलं, दांडीच्या टोकाला हातोडीनं चार टिचक्या मारल्या आणि थांबली. नुसती थांबली, पाच मिनिटं. युलहेन्द्री दातांनी नखं कुरतडत होता, मग रोजा आठवून त्यानं हात खिशात घातले. पाच मिनिटांनी तिनं गन उलटी फिरवली, म्हणजे सोडवायच्या दिशेनं नव्हे, आवळायच्या. केसभर आवळला. मग सुलटी. टक, टक, टक, आणि आवाज बदलला. ठोके संपून नुसतं फिरणं सुरू झालं, तो आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. मामा जोरात म्हणाले, “आला.” बोल्ट अजून डब्यात पडायचा होता.

गिअरबॉक्स खाली घ्यायला अमरिझाल स्वतः आला. न सांगता जॅकची एक बाजू धरली. क्लच प्लेट निघाली ती जळलेल्या खोबऱ्यासारखी. मामा म्हणाले, “आता नवी कुठून आणायची?” अमरिझाल आपल्या दुकानात गेला आणि फळीवरची, त्याच मापाची, कागदात गुंडाळलेली घेऊन आला.

जोडताना मात्र तिनं घाई केली नाही. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे बसवला, मग गनीनं हळू आत नेला. शेवटची आवळणी तिनं गनीला करू दिली नाही. ती म्हणाली, “मामा, तुमचा हात.” चौऱ्याहत्तर वर्षांचे मामा झब्ब्यासकट गाडीखाली शिरले आणि त्यांनी एकेक बोल्ट हातपान्यानं, मनगटाच्या अंदाजानं आवळून घेतला. दोघं खाली शेजारी शेजारी पडले होते. बाहेर फक्त चार पाय दिसत होते, दोन लांब, दोन आखूड.

पाच पस्तीसला युलहेन्द्रीनं चावी फिरवली. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. मिनीबस गुळगुळीत निघाली, वरच्या चढावर गेली, वळली आणि परत आली. रस्त्याकडेची सगळी माणसं हसत होती. तीन तासांना दहा मिनिटं कमी लागली होती. मी घड्याळ पाहिलं होतं, आणि टपरीवर आजही कोणी शंका काढली तर मीच साक्षीदार असतो.

लगेच निघायचं सोडून प्रवाशांनी आमच्याबरोबरच रोजा सोडायचं ठरवलं. मी चूल पेटवली. नगारा वाजला तेव्हा फेटलेल्या अंड्याच्या चहाचे अठरा ग्लास तयार होते. शेजारणींनी खजूर आणि केळ्याची गोड खीर आणली. म्हातारीनं पहिला घोट घेतला आणि मामांना विचारलं, “तुमचा मिस्त्री कुठाय? त्याला दुवा द्यायचीय.”

“ती काय, हात धुतेय,” मामा म्हणाले. “माझी भाची. आणि ती गनसुद्धा तिनंच निवडली. मी नको म्हणत होतो.”

शेवटचं वाक्य मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. माझ्या आठवणीत मामांनी स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगितल्याचं दुसरं उदाहरण नाही. उनी गुसनं हात पुसता पुसता ते ऐकलं. ती मान खाली घालून हसली आणि मग मान वर करून आणखी मोठ्यानं हसली. म्हातारीनं तिचं काळं बोट आपल्या दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ.

ईदनंतरच्या आठवड्यात अमरिझाल भर टपरीवर म्हणाला, “उनी, माझ्यासाठीही एक निवड. त्याच जातीची.”

आम्हाला वाटलं, आता ती ‘खेळणं कशाला हवं’ असं ऐकवणार. पण ती म्हणाली, “तुझं काम चाकांचं. तुझी मोठीच तुला बरोबर आहे, तिला नावं ठेवू नकोस. पण ब्रेकचे स्क्रू आणि पत्रे काढायला एक लहान ठेव. शनिवारी चल माझ्याबरोबर. आणि दुकानात काम समजावून सांगायला तुझी पोरं नकोत, तू स्वतः ये.”

शनिवारी दोघं पादांगला गेली. त्यानंतर लुबुक आलुंगचा एकजण आला, मग बातुसांगकरचे दोघे भाऊ. आता महिन्यातून एखादा तरी मिस्त्री तिच्याकडे येतो आणि विचारतो, कोणती घेऊ? ती आधी त्यालाच प्रश्न विचारते: तू झोपून काम करतोस का उभ्यानं, तुझ्याकडे गाड्या समुद्राकडच्या येतात का डोंगरातल्या, वीज किती वेळ जाते, पंजा केवढा आहे. कोणाला मोठी सांगते, कोणाला लहान, आणि एकाला तर सांगितलं, तुझ्या कामाला साधा रिंगपाना पुरे, घरी जा. को हाननी तिच्यासाठी काउंटरमागे एक स्टूल ठेवलंय.

ती आता एक्कावन्न वर्षांची आहे. काल एका दिवसात तिनं दोन गिअरबॉक्स उतरवले आणि चढवले. संध्याकाळी ती टपरीवर आली, वरच्या फळीवरची बिस्किटांची बरणी उजव्या हातानं स्वतःच काढून घेतली, आणि अमरिझालला म्हणाली, “सरक तिकडे, दमून आलेय.” तो सरकला.